घरी येणारी सिस्टर

पहाटे 5:40

एवढ्या पहाटे फोन करणारी माणसं आधी माफी मागतात, मग रडतात, मग मुद्द्यावर येतात. आण्णांच्या सुनेनं आज यातलं काहीच केलं नाही. "सिस्टर, रात्रीपास्नं घशात घरघर लागलीया. श्वास मधीच थांबतोय. वाटतंय गेलं, आन् परत चालू हुतोय. दवाखान्यात हलवू का?"

मी विचारते, कण्हतात का? कपाळाला आठ्या आहेत का? हातपाय आखडून घेतात का? नाही, नाही, नाही. मग दुखत नाहीये. एका कुशीवर वळवा, डोकं जरा वर घ्या, तोंडात पाणी ओतू नका. मी पहिली तुमच्याकडेच येते.

घरघर म्हणजे गिळता न आलेली थुंकी. आपण ती न कळत गिळतो, शेवटच्या दिवसांत ती ताकद राहत नाही, आणि श्वासाबरोबर ती घशात हलते. ज्याच्या घशात ती असते तो बहुधा शुद्धीत नसतो. त्रास ऐकणाऱ्याला होतो. हे मी सुनेला मागच्या भेटीतच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिनं अँब्युलन्सला न लावता मला फोन लावला.

सकाळी 8:00

कऱ्हाडातल्या आमच्या छोट्या ऑफिसात बॅग भरणं. ड्रेसिंगचं सामान, लघवीच्या नळ्या, बारीक सुया, उलटीच्या, जुलाबाच्या आणि त्याहून जास्त बद्धकोष्ठाच्या गोळ्या. मग कुलपाचं कपाट उघडायचं आणि मॉर्फिन मोजून घ्यायचं. काल शिल्लक किती, आज कोणाला किती, परत आल्या किती, खाली दोन सह्या. हिशोब जुळला नाही तर गाडी निघत नाही.

या गोळीची भीती घरच्यांपेक्षा आमच्याच क्षेत्राला जास्त होती. 1985 साली अंमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांची अशी जंत्री लागली, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवानगीनं अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला त्या अफूवर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. आणि आपल्या खेड्यातला कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर रात्र काढत होता. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त दवाखान्याला एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवता येऊ लागलं. कायदा बदलला, पण हात अजून आखडतात. "एकदा मॉर्फिन दिलं की माणूस संपला," हे मी डिग्री घेतलेल्या लोकांकडूनही ऐकते.

खरं असं आहे की दुखण्याच्या मापानं, थोड्यापासून सुरुवात करून दिलेल्या मॉर्फिननं माणूस मरत नाही. दर चार तासांनी एक मात्रा, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. पहिले काही दिवस मळमळ होते, झापड येते, मग ती जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच लिहायचं. ते विसरलं की पेशंट स्वतःच गोळी बंद करतो आणि परत तळमळत बसतो.

सकाळी 9:20

आण्णांच्या घरी उसाची ट्रॉली आडवी लावलेली, म्हणून चालत गेलो. ओसरीत चपलांचा ढीग. धाकटे चिरंजीव रात्री पुण्याहून आलेत.

लांबच्या मुलाबद्दल माझं एक निरीक्षण आहे. जो रोज पाठीला तेल लावतो, गादी बदलतो, त्याला काय चाललंय ते ठाऊक असतं. जो शनिवारी येतो त्याला एकदम धक्का बसतो, आणि त्या धक्क्यातून पहिला शब्द निघतो तो आयसीयू. त्यात वाईटपणा नसतो. काही केलं नाही, हे ओझं त्याला पुण्यापर्यंत परत घेऊन जायचं नसतं. म्हणून मी त्याच्याशी वाद घालत नाही, त्यालाच काम देते.

"दादा, जरा इकडून धरा." दोघांनी मिळून आण्णांना डाव्या कुशीवर घेतलं. घरघर निम्मी झाली. गिळता येत नाही तर गोळीचा उपयोग नाही. डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारली, दंडाला बारीक सुई कातडीखाली बसवली, आणि मॉर्फिन व थुंकी कमी करणारं इंजेक्शन त्यातूनच दिलं.

"निदान सलाइन तरी लावा. चार दिवस पोटात काही नाही."

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मी सांगते की आण्णा जेवत नाहीत म्हणून चाललेले नाहीत. ते चाललेत म्हणून त्यांना जेवण नकोय. आता पाणी चढवलं तर ते लघवीतून जाणार नाही, पायाला सूज येईल, छातीत साठेल, घरघर वाढेल. तहान लागते ती तोंड कोरडं पडतं म्हणून. ओल्या कापसानं ओठ, जीभ पुसत राहा, दर तासाला.

"मग कऱ्हाडला नेऊच नको का?"

"आण्णा काय म्हणाले होते?"

कोणी बोलेना. मग इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या काकू म्हणाल्या, "मला घरातनंच न्या, म्हणलं हुतं. दिवाळीतच म्हणलं हुतं. तुमी कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." मुलगा खाली बसला. विषय संपला.

मग मोठ्या भावानं हळूच विचारलं, खाली घ्यायचं का. म्हणजे खाटेवरून जमिनीवर. हे विचारताना लोक माझ्याकडे अपराधी चेहऱ्यानं बघतात, नर्सबाई अंधश्रद्धा म्हणतील म्हणून. मी म्हणते, घ्या, पण गादीसकट घ्या, चौघं धरा, सुई सांभाळा. गंगेचं पाणी? कापसानं ओठाला लावा, गडू तोंडात ओतू नका. तुळशीचं पान ओठावर ठेवा, घशात नको. एवढी काळजी घेतली तर आपल्या रिवाजाची आणि माझ्या शास्त्राची कुठेच टक्कर होत नाही. उलट घरातल्या बारा माणसांना करायला काहीतरी मिळतं.

"किती वेळ?" याला मी तारीख देत नाही, मोजायची रीत सांगते. तब्येत महिन्यामहिन्याला उतरत असेल तर हातात महिने असतात. आठवड्याआठवड्याला उतरली तर आठवडे. काल आणि आज यात फरक दिसला तर दिवस. आण्णांचं तासातासाला बदलतंय. पुण्याच्या चिरंजीवांनी परतीची गाडी रद्द केली.

सकाळी 11:15

पुढच्या गावात काकींच्या छातीला जखम आहे. गाठ अंगावर काढली, लाजेनं कोणाला दाखवली नाही, मग ती फुटली. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या गोठ्याशेजारच्या खोलीत झोपत होत्या. वासामुळे. त्यांना तिकडे कोणी हाकललं नव्हतं, त्या स्वतःच गेल्या होत्या. नातवाला जवळ घेत नव्हत्या. शेजारणी लांबून हाक मारून जात.

या वासावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझॉलची गोळी. बारीक कुटायची, जखम मिठाच्या पाण्यानं धुवायची, वर ही पूड भुरभुरायची, पट्टी बांधायची. वास जंतूंचा असतो, जंतू गेले की वास जातो. हे कळलं नाही म्हणून कितीजणी अशा मागच्या खोल्यांत गेल्या असतील, याचा विचार मी करायचं टाळते.

आज काकी सोप्यात बसल्या होत्या. धाकटी जाऊ शेंगा फोडत होती आणि भिशीची भांडणं चालली होती. पट्टी सोडताना चिकटते, म्हणून आधी अर्धा तास गोळी द्यायला सांगितली होती, ती दिली होती. ड्रेसिंग करताना काकी म्हणाल्या, "सिस्टर, मला ठाव हाय म्या ऱ्हात न्हाई. पर माणसांत हाय तवर बरं हाय."

मृत्यूच्या भीतीबद्दल पुस्तकं खूप आहेत. माझ्या पाहण्यात, वास, मलमूत्र, दुसऱ्यावर ओझं होणं आणि रात्री दीड वाजता एकट्यानं दुखणं सोसणं, या चार गोष्टींची भीती खुद्द मरणाच्या भीतीपेक्षा मोठी असते. चारही गोष्टींवर काहीतरी करता येतं. ते केल्याशिवाय आत्मा अमर आहे वगैरे सांगायला जाऊ नये. प्रवचनकार आमच्या नंतर आले तर बरं.

दुपारी 1:00

डबा गाडीतच. ड्रायव्हर आमचा निम्मा समुपदेशक आहे. मी आत असते तेव्हा घरातले पुरुष बाहेर त्याच्यापाशी तंबाखू मळत जे बोलतात ते मला कधीच सांगत नाहीत: कर्ज किती झालं, शेत कोणतं गहाण आहे, कोणता भाऊ बोलत नाही.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे पाच टप्पे शिकवले होते: नकार, राग, सौदेबाजी, उदासी आणि स्वीकार. या बाईंनी 1969 साली शिकागोच्या इस्पितळातल्या मरणासन्न माणसांशी बोलून पुस्तक लिहिलं. तोवर डॉक्टर अशा पेशंटच्या खाटेवरून पुढे सरकत, त्याच्याशी मरणाबद्दल बोलणं म्हणजे क्रूरपणा समजत. ऐकायला बसण्याचं त्यांचं काम मोठं आहे. पण ते टप्पे जिन्याच्या पायऱ्या नाहीत. सकाळी स्वतःच्या तेराव्याचा मेनू ठरवणारा माणूस संध्याकाळी नवीन वैद्याचा नंबर विचारतो. दोन्ही खरं असतं.

त्यापेक्षा मला सिसिली सॉन्डर्स जास्त उपयोगी पडतात. त्या आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटचं सेवाघर, काढलं. शरीराचं, मनाचं, घरचं आणि श्रद्धेचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, एकाला हात लावला की बाकीची हलतात, हे त्यांचं सांगणं. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती अवेदना सदन, 1986 सालचं. खाटेवरचं काम तिथे सुरू झालं. घरोघरी जाण्याची रीत केरळनं घालून दिली. कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या कामातून तिथे गावोगावी साधी माणसं शिकून तयार झाली. आपल्याकडे अजून एका तालुक्याला आमच्यासारखी एक गाडी मिळाली तर नशीब.

दुपारी 2:10

हे घर मला जड जातं. बाई पस्तिशीच्या आतली, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, मुलगा सातवीत. दारातच नवरा अडवतो. "सिस्टर, तिला काय सांगू नका बरं का. ती खचंल." तिला सांगितलंय की गाठ होती, काढली, आता अशक्तपणा आहे.

आत गेले की ती दार लोटायला सांगते आणि म्हणते, "ह्यांना काय सांगू नका. ते खचतील."

असं दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपणं मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता त्याचं नवल वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. ज्या दोन माणसांनी संसार केला ती आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीबद्दल एकमेकांशी खोटं बोलत असतात, आणि दोघंही रात्री जागे असतात. पेशंटला कळत नाही हा घरच्यांचा भ्रम आहे. त्याचं अंग त्याला सांगतं. आलेले पाहुणे ज्या आवाजात बोलतात तो आवाज सांगतो. आपण फक्त त्याच्याशी बोलायला कोणी राहणार नाही, एवढी व्यवस्था करतो.

मी घोषणा करत नाही. विचारते, तुम्हाला काय वाटतं, काय चाललंय? आणि मग गप्प बसते. गप्प बसणं शिकायला मला ड्रेसिंग शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिनं उशीखालून शंभर पानी वही काढली. गॅस नंबर, लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक. बचत गटाचे हप्ते कोणाकडे, किती. मुलाचं आधार, जन्मदाखला, लसीचं कार्ड: पत्र्याच्या ट्रंकेत, पैठणीखाली. त्याला भेंडी चालते, वांगं चालत नाही. दुधाचे पैसे दहा तारखेला. शेवटच्या पानावर फक्त "ह्यांच्यासाठी" असं लिहिलेलं, आणि खाली कोरं.

"ते काय लिवू, कळंना."

"लिहू नका. बोला."

मी बाहेर जाऊन नवऱ्याला आत बोलावलं, वही त्याच्या हातात दिली आणि ड्रायव्हरबरोबर अर्धा तास अंगणात उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. निघताना त्यानं विचारलं, "पोराला कुणी सांगायचं?" दोघांनी मिळून, साध्या शब्दांत, झोप म्हणू नका, गावाला गेली म्हणू नका. मुलं झोपेला आणि गावाला जाण्याला घाबरायला लागतात. पुढच्या भेटीत मीही थांबेन म्हटलं.

दुपारी 4:00

हेडमास्तरांच्या घरी पाय टाकला की आधी चहा आणि मग तपासणी, हा त्यांचा नियम. निवृत्त, हृदय थकलेलं, दोन वाक्यांमध्ये दम लागतो, पण वाक्य पूर्ण केल्याशिवाय थांबत नाहीत. समोर फाइल तयार.

"हे बघा. इच्छापत्र. मालमत्तेचं नव्हे, मरणाचं."

या बाबतीत ते माझ्याहून जास्त वाचून आहेत. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये काय म्हटलं, 2018 च्या मार्चमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात कसा धरला, सगळं पाठ. 2018 च्या निकालानुसार अशा कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी 2023 मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पुढे वेळ आली की दवाखान्यातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि मग दुसरं मंडळ बघणार, की आता यंत्रानं काही साधणार नाही, आणि मग यंत्र काढता किंवा न लावता येतं. मरणाचं इंजेक्शन मागता येत नाही. तो गुन्हाच आहे.

"विनोबांनी कुठं नोटरी गाठला होता?" मास्तर दम घेत म्हणाले. "पवनारला अन्न-औषध थांबवलं, 15 नोव्हेंबर 1982 ला गेले."

"विनोबांना व्हेंटिलेटरवर टाकणारा पुतण्या नव्हता," मी म्हटलं. मास्तर हसले आणि त्यांना खोकला आला.

अडचण मुलाची आहे. त्याचा विरोध तत्त्वाचा नाही. तो मला फाटकापाशी म्हणाला, "उद्या गाव म्हणणार, पैसे वाचवले." ही भीती खरी आहे, तिला हसू नये. गावात मोठ्या दवाखान्याचं बिल हे मुलाच्या प्रेमाचं प्रमाणपत्र समजलं जातं. मी त्याला एवढंच सुचवलं की दोन साक्षीदारांत गावातला एक मानाचा माणूस घ्या, सरपंच, जुने शिक्षक, कोणीही. मग बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.

संध्याकाळी 5:30

आण्णा गेले. फोन काकूंचाच होता. "सुटले," एवढंच म्हणाल्या.

परत गाडी वळवली. अशा वेळी माझं काम थोडं आणि कोरडं असतं. सुई काढायची, लघवीची नळी काढायची, अंग पुसायला सुनेला मदत करायची. डॉक्टर येऊन बघून कारणाचा दाखला देतात. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना 4-अ वर असतो, आणि नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत करायची. आठवडाभरानं आठवण करायला फोन करावा लागतो, नाहीतर पुढे वारसनोंद आणि विम्याला घरच्यांचे हाल होतात. मग उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या. रडारड चाललेली असताना गोळ्या मोजणं फार विचित्र दिसतं, पण त्या घरात ठेवता येत नाहीत.

पुण्याचे चिरंजीव ओसरीतच होते. शेवटचे तास आण्णांचे ओठ तेच पुसत होते म्हणे.

रात्री 8:00

सासूबाई अजून न्हाणीघराबाहेर गरम पाण्याची बादली ठेवतात. मर्तिकाच्या घरून आलीस, आधी आंघोळ. सुरुवातीला मला राग यायचा. आता दिवसभराच्या वासानंतर मला स्वतःलाच ते पाणी हवं असतं. जेवताना त्या विचारतात, "त्रास झाला का त्यांना?" कोण, कुठले, हे विचारत नाहीत. आज नाही म्हणता आलं.

झोपण्याआधी उद्याची यादी. त्यात आण्णांचं घर महिन्याभरानं परत येईल. सुनेला भेटायला. सगळ्यांनी काकूंना विचारलं असेल, मुलांना विचारलं असेल, जिनं सहा महिने गादी बदलली तिला बहुधा कोणी विचारलेलं नसेल.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असा आजार असेल तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते, ती घेतली म्हणून उपचार सोडावे लागत नाहीत. आपल्या डॉक्टरांना आणि जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे याच सेवेबद्दल, थेट विचारा, मॉर्फिन मिळतं का तेही विचारा. आणि ज्याचं दुखतंय त्याला विचारा, त्याला कुठे राहायचंय. शक्यतो तो बोलू शकतोय तोवर.